झाशीचे हीरोज

झाशी म्हटलं की आपल्याला राणी लक्ष्मीबाईच आठवतात. पण 1933 साली याच गावच्या ‘झाशी हीरोज’ या हॉकी संघानं कलकत्त्यात बायटन कप जिंकला. अंतिम सामना बलाढ्य कलकत्ता कस्टम्सशी, तोही त्यांच्याच शहरात. एकच गोल झाला, इस्माईलचा. चेंडू दिला होता ध्यानचंद यांनी. तोवर दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेले ध्यानचंद पुढेही याच सामन्याला आपला सर्वोत्तम सामना म्हणत.

गंमत बघा, ध्यानचंद जन्मले अलाहाबादला, धाकटे रूपसिंग जबलपूरला. वडील फौजेत, सारख्या बदल्या. शेवटी झाशीत घर झालं, तेच गाव झालं. रूपसिंग नंतर शिंद्यांच्या ग्वाल्हेरला गेले. ध्यानचंद यांच्यावर 1979 साली अंत्यसंस्कार झाले ते झाशीतच, हीरोजच्या मैदानावर.