प्रवाहावर चालणारं जाळं

मिनेसोटात गोठलेल्या तलावाला भोक पाडून मासे धरतात. तिथे गळकाठी वाकवून अडकवतात. मासा आमिष ओढतो, काठी उसळते, गळ आपोआप रुततो. आपल्या खाडीतल्या कोळ्यांचं डोल जाळं याहून जुनं. खुंटांना बांधलेली ही पिशवी, तोंड प्रवाहाकडे. भरती-ओहोटीचं पाणीच मासळी आत लोटतं; पाणी थबकलं की जाळं उचलायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोर, भांगाला मंदी. म्हणजे हात मोकळा झाला तरी तिथीचं भान ठेवावंच लागतं. आणि फरक पाहा: काठी दुकानात मिळते, प्रवाह मिळत नाही. १९७० मध्ये सिडको आली, नवी मुंबई वसली, खाडीकाठी भराव पडले. पाण्याची ओढच मंदावली, तर धड जाळंही रिकामंच राहणार.