ओव्हरऑइलिंग

“सायकल ओव्हरऑइलिंगला टाकलीय” हे वाक्य एके काळी डोंबिवली-कल्याणात सर्रास ऐकू यायचं. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. आपल्या लोकांनी त्यात तेल घातलं आणि माझ्या मते शब्द सुधारलाच!

वरळीच्या हिंद सायकल्सचं १९८० साली कायदा करून राष्ट्रीयीकरण झालं. त्याच कायद्याने आसनसोलची सेन-रॅलेही सरकारकडे गेली. दोन्ही कारखाने पुढे बंद पडले. सायकली मात्र चालत राहिल्या, कारण कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला त्यांचा प्रत्येक सांधा उघडता येत होता. छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरायचं, आरे आवळून चाकाचा आऊट काढायचा. कॉटर पिन ठोकून काढताना नट पिनेच्या टोकाशी ठेवायचा, नाहीतर आटे चेपतात. ही विद्या पोरं दुकानात हाताखाली राहून शिकली. आता ठाण्यात गिअरवाल्या सायकलींची चकचकीत दुकानं आहेत. एका दुकानातला मुलगा कॉटर पिन पहिल्यांदाच पाहत होता.

पुण्यात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली कर्वेनगरात सायकलींचं संग्रहालय उघडलं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए तिथे आहे. जरूर पाहा.

घरची जुनी सायकल पुन्हा उभी करायची, तर रंग सहज मिळतो. अडतं रिमपाशी. दांडीच्या ब्रेकचं रबर रिमला आतून दाबतं, तारेच्या ब्रेकचं कडेला. म्हणून दुकानदार देईल ती रिम घेऊ नये.

नातेवाइकांपैकी कुणाच्या माळ्यावर ‘हिंद’ असेल, तर भंगारात देण्याआधी मला फोन करा.