वरून जात बदलली, खालून मूळ बदललं : एका संत्र्याच्या झाडाची दीडशे वर्षं



या हंगामात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊन राहिला. "भाऊ, वीस वर्षांची झाडं आहेत, बुडखा चांगला आहे, पण फळाला भाव नाही. उपटू, का डोळे भरून जात बदलू?"

हिशेब सोपा वाटतो. उपटून नवीन कलम लावलं तर फळाला पाच-सहा वर्षं थांबा. जुन्या झाडाच्या फांद्या छाटून डोळे भरले तर मुळं तयार असतात, दोन-तीन वर्षांत फळ दिसतं. म्हणून गावोगावी काड्यांच्या जुड्या विकायला येऊन राहिल्या. काडी कोणत्या झाडाची, हे विचारलं की विकणारा दुसरीकडे पाहतो.

आपल्या वरूडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. तर खऱ्या कॅलिफोर्नियात हेच काम झालं तेव्हा काय घडलं, ते आज लिहितो.

१८७० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या विल्यम साँडर्स यांनी ब्राझीलच्या बाहिया भागातून संत्र्याची १२ कलमं मागवली. ती वॉशिंग्टनच्या काचघरात वाढवली. त्यातून तयार केलेली कलमं १८७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी एलायझा टिबेट्स या बाईंकडे पोचली. त्यांच्या दारची दोन झाडं जगली आणि फळाला आली. फळाच्या बुडाला बेंबीसारखी खूण, म्हणून नाव पडलं वॉशिंग्टन नेव्हल. हे आपल्या नागपुरी संत्र्यासारखं सैल सालीचं नाही, मोसंबीच्या जातकुळीतलं आहे.

या फळात बी जवळजवळ नसतंच. म्हणजे झाड वाढवायचं तर डोळ्यावरच. लोकांकडे आधीची बियांपासून वाढलेली झाडं होती. फळ पाहिल्यावर अनेकांनी ती उपटली नाहीत. फांद्या छाटल्या, सालीत नेव्हलचे डोळे बसवले आणि जात बदलून घेतली. आज आपण ज्याला टॉप वर्किंग म्हणतो तेच हे. डोळ्यापासून झाड, त्या झाडापासून पुन्हा डोळे, असं करत दोन झाडांपासून हजारो एकर बागा झाल्या.

आता खरी गंमत. सगळी झाडं मुळात त्याच दोघांची, मग सगळीकडे फळ सारखं यायला पाहिजे होतं. आलं नाही. १९०९ मध्ये कृषी खात्याचे ए. डी. शॅमेल रिव्हरसाइडला आले. त्यांनी बागेतल्या एकेका झाडाची फळं वेगळी मोजायला सुरुवात केली, वर्षानुवर्षं. त्यात दिसलं, की एकाच बागेत, एकाच खतपाण्यावर काही झाडं लदलदून फळतात आणि काही नुसती माजतात. माजलेल्या झाडांना फळ कमी, आणि जे येतं ते ओबडधोबड.

कारण असं, की कधीकधी एखाद्या फांदीतला डोळाच बदलतो. झाडावर एक फांदी वेगळं फळ देते. त्या फांदीवरून डोळे घेतले की नवीन झाड पूर्णपणे तसंच होतं. हे काही वाईटच असतं असं नाही, असल्या बदलातून चांगल्या जातीही मिळाल्या आहेत. पण वाईट बदल जास्त का पसरला, ते नीट वाचा. डोळे काढणाऱ्याला जाड, सरळ, रसरशीत काडी आवडते. तशी काडी कुठं मिळते? न फळणाऱ्या, माजलेल्या झाडावर, पाणसोटांवर. जे झाड फळात ताकद घालतं त्याच्या काड्या बारीक. म्हणून नापीक झाडांचे डोळे सगळ्यात जास्त वाटले गेले. कोणी फसवलं नव्हतं. फक्त काडी पाहिली, झाड पाहिलं नाही.

उपाय शॅमेल यांनी त्याच कामातून काढला. नापीक झाडं उपटू नका, पण ज्या झाडाची नोंद आहे त्याचेच डोळे भरा. १९१७ मध्ये तिथल्या फळ उत्पादकांच्या सहकारी संस्थेने असे निवडक डोळे पुरवायला स्वतंत्र विभाग उघडला.

तरी एक गोष्ट नजरेतून सुटली होती. साल खपल्या होऊन सोलणारा सोरोसिस हा रोग डोळ्यातून जातो, तो विषाणू आहे, हे फॉसेट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये दाखवलं. या रोगात खोडावर खूण यायला बरीच वर्षं लागतात. तोवर झाड निरोगी दिसतं आणि आपण बिनघोर काड्या काढतो. म्हणून १९३७ मध्ये तिथं सोरोसिसमुक्त मातृवृक्षांची नोंदणी सुरू झाली. फळाची वही पाहिजेच, पण ती पुरत नाही. रोगाची तपासणीही पाहिजे.

आणि त्या पहिल्या दोन झाडांचं काय झालं? एक पुढे मेलं. दुसऱ्याचा बुडखा डिंक्यासारख्या कुजीने खचू लागला, तेव्हा १९१८ मध्ये त्याच्या भोवती नवीन रोपं लावून त्यांचे शेंडे खोडात भेट कलमाने जोडले. नवीन मुळांनी झाड उचलून धरलं. १९५१ मध्ये पुन्हा तेच केलं. ते झाड आजही रिव्हरसाइडला उभं आहे. त्या गावात कोणी वरून जात बदलली, कोणी खालून मूळ बदललं. झाड दोन्ही सोसतं, पण मधली साल निरोगी पाहिजे.

आता आपल्याकडे याचा अर्थ काय, तो माझ्या समजुतीने सांगतो.

१) आधी बुडखा पाहा. जंबेरीचा खुंट ट्रिस्टेझाला टिकतो, पण डिंक्याला कमजोर. खालून डिंक निघत असेल, शेंडे वाळत असतील, तर वर डोळे भरून पैसा वाया जातो. जुन्या झाडातला विषाणू नव्या फांदीत जातोच.

२) खुंट रंगपूर लाईमचा असेल तर डोळ्याबाबत आणखी कडक राहा. एक्सोकॉर्टिस असलेला डोळा आला की खुंटाची साल तडकते. हा रोग चाकूवरूनही जातो. प्रत्येक झाडानंतर चाकू-कात्री ब्लीचच्या पाण्यात बुडवा.

३) काडी घेण्याआधी मातृवृक्ष पाहा, तोही फळासकट. पाणसोटाची काडी नको. तपासलेली काडी मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या.

४) साल सहज सुटते तेव्हाच डोळे भरा. सगळं झाड एकदम बोडकं करू नका, एक-दोन फांद्या पानांसकट ठेवा. उघड्या खोडाला चुना लावा, आपल्या उन्हात साल भाजते.

५) सगळी बाग एका वर्षी बदलू नका. दहा झाडं करा, फळ पाहा, मग पुढे चला.

माझ्या धुऱ्याकडच्या ओळीतली दहा झाडं मी यासाठी ठरवली आहेत. काडी अजून घेतली नाही, कारण मातृवृक्ष दाखवणारा माणूस अजून भेटला नाही. हंगाम गेला तर जाऊ द्या, चुकीचा डोळा वीस वर्षं जात नाही.

तुमच्या बागेत सलग चार-पाच वर्षं चांगलं फळणारं झाड असेल तर त्याच्या खोडावर रंगाने नंबर टाका आणि वही सुरू करा. उद्या कोणाला तरी त्याचाच डोळा लागणार आहे.