एका धाग्यातले दोघे

चष्म्याच्या डबीतलं इवलंसं फडकं काचेवरचा बोटाचा तेलकट ठसा एका फेरीत उचलतं. सुती फडकं तो नुसता फासतं. फरक तंतूत आहे. या फडक्याचा तंतू आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर मोसंबीच्या फाकींसारखे तुकडे दिसतात: एक पॉलिएस्टरचा, पुढचा नायलॉनचा, पुन्हा पॉलिएस्टरचा. दोघे एकमेकांना धड चिकटत नाहीत. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फाकी सुट्या होतात आणि त्यांच्या धारदार कडा तेल खरवडून घेतात.

या धाग्याचं कूळ शोधत गेलं की आपण मेंढीपाशी पोचतो. मेरिनो लोकर कुरळी का असते, हे जपानच्या होरिओ आणि कोंडो यांनी 1953 मध्ये उलगडून दाखवलं. केसाच्या लांबीभर दोन जातींच्या पेशी शेजारी शेजारी असतात. त्या रंग सारखा धरत नाहीत, ओलावाही सारखा पीत नाहीत. या असमान जोडीमुळेच केस वळतो.

कारखान्यांनी मग हाच धडा गिरवला. 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपॉन्टने कमी-जास्त आकसणारी दोन ॲक्रिलिकं एकाच तंतूत जोडली आणि स्वेटरसाठी लोकरीसारखा कुरळा धागा काढला. जपानच्या तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी जोडी जुळवली ती मोडण्यासाठी. त्यांनी पॉलिस्टायरिनच्या समुद्रात पॉलिएस्टरची बेटं ठेवून तंतू ओढला आणि नंतर समुद्र विरघळवून टाकला. उरलेल्या अतितलम बेटांपासून 1970 मध्ये मखमली कातड्यासारखं कापड बाजारात आलं, तेच अल्ट्रास्वेड.

तिसरी शाखा गाभा आणि सालीची. आत पॉलिप्रॉपिलीन, ते साधारण 160 अंशांना वितळतं. बाहेर पॉलिएथिलीन, ते 130 च्या आसपास. मधल्या तापमानाची गरम हवा सोडली की साल वितळून तंतू जिथे भेटतात तिथे सांधते, गाभा मात्र ताठ राहतो. बाळाच्या डायपरचा, सॅनिटरी पॅडचा कातडीला लागणारा मऊ थर असा डिंकाशिवाय जुळतो. या कुळाने माणसाची केलेली ही सर्वांत मायेची सेवा.

पण एकाच कापडात गुंतलेले असे दोघे वापर संपल्यावर सहजी वेगळे करता येत नाहीत, म्हणून पुनर्वापर अडतो. मेंढीच्या केसातले दोन्ही भाग केराटिनचेच, आणि शेवटी दोन्ही मातीत मिळतात. तिच्याकडून निम्मा धडा घेऊन झाला. उरलेला निम्मा आता घ्यायचा आहे.