मुंबईची हातभट्टी आणि बेशुद्ध सोबती

१ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. ती फार टिकली नाही. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मात्र १९५०मध्ये सगळे राज्य कोरडे झाले आणि दारूचा धंदा अंधारात गेला. गूळ आणि नवसागर कुजवून गाळलेली हातभट्टी टायरच्या ट्यूबमध्ये भरून वस्त्यांत पोहोचू लागली.

विनापरवाना पिणे हाच गुन्हा ठरल्यावर पिऊन पडलेल्याला इस्पितळात नेणे म्हणजे पोलीस केस ओढवून घेणे झाले. ‘झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल’ हा सल्ला त्यामुळे सोयीचाही होता. तो घातकच होता. शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरतच राहते. झोपलेल्याची नशा तासाभराने आणखी चढलेली असू शकते. घशाची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, उताणा पडलेला माणूस स्वतःच्याच उलटीने गुदमरतो.

१९७०च्या दशकात देशी दारूची परवानाधारक दुकाने उघडली, तरी हातभट्टी संपली नाही. ती स्वस्त होती. पुढे गाळण्याचा खटाटोप टाळून विक्रेते कारखान्यांतले मिथेनॉल पाण्यात मिसळू लागले. डिसेंबर २००४मध्ये विक्रोळीत ८०हून अधिक आणि जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत १००हून अधिक माणसे अशा दारूने गेली. बहुतेक हातावर पोट असलेली.

मिथेनॉल चवीला वेगळे लागत नाही. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसा जाळते. त्याला बारा ते चोवीस तास लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणून आदल्या रात्री घरी चालत आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पोट धरून ओकतो, समोर पांढरे धुके दिसते म्हणतो, धापा टाकतो. घरच्यांना तो हँगओव्हर वाटतो. साध्या अतिमद्यपानात उलट घडते: श्वास मंदावतो, मिनिटाला आठाच्या खाली येतो, दोन श्वासांत दहा सेकंदांची फट पडते, अंग गार, ओठ निळसर, आणि गदागदा हलवूनही डोळे उघडत नाहीत.

अशा वेळी लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, डोक्यावर गार पाण्याची बादली हे वस्तीतले जुने उपाय एक थेंबही दारू उतरवत नाहीत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेले लिंबूपाणी फुप्फुसात जाते. त्याला कुशीवर वळवायचे, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवायचा, तोंड किंचित खाली ठेवायचे, अंगावर पांघरूण घालायचे आणि शेजारून उठायचे नाही. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. काय, किती आणि कधी प्यायला हे डॉक्टरांना खरे सांगावे लागते, कारण मिथेनॉलवरचा इलाज वेगळा आहे: फोमेपिझोल, ते नसल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिलेले शुद्ध इथेनॉल, आणि रक्तातले विष काढून टाकण्यासाठी डायलिसिस. नजर धूसर होऊ लागताच हे उपचार सुरू झाले, तर डोळे वाचण्याची शक्यता उरते.