थोरली पाती, धाकटी पाती आणि लंडनचा मुकुट

१/ लंडनच्या गादीचा क्रम आज कोणालाही तोंडपाठ सांगता येतो : चार्ल्स तिसरे, मग विल्यम, मग जॉर्ज. पण ज्या सत्तेने स्वतःचा वारसा इतका काटेकोर जपला, तिने आपल्या संस्थानांच्या वारसाकडे कोणत्या नजरेने पाहिले? उत्तरासाठी कृष्णाकाठच्या कुरुंदवाडला जाऊ.

२/ कोतवड्याचे हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय. त्यांच्या मुलांनी पळी-पंचपात्र ठेवून तलवार धरली आणि पेशव्यांकडून सरंजाम मिळवले. त्यांपैकी त्र्यंबक हरी यांची शाखा कुरुंदवाडची.

३/ मुकुट अविभाज्य असतो. सरंजाम मात्र भाऊबंदांत वाटला गेला. १८११ मध्ये कुरुंदवाडातून शेडबाळ निराळे झाले. १८५० च्या दशकाच्या मध्यास उरलेल्या कुरुंदवाडाच्याही थोरली आणि धाकटी अशा दोन पाती झाल्या. मिरजेचे तर १८२० मध्येच चार वाटे पडले होते.

४/ या प्रत्येक वाटणीत एक धोका दडलेला होता. घर एक असते, तर एका भावाला मूल नसले तरी पुतण्या गादी सांभाळता. वाटे निराळे झाले की प्रत्येक वाट्याला स्वतःचा पुरुष वारस हवा. तो नसला की कंपनी सरकार दाराशी उभे!

५/ मिरजेचे दोन वाटे १८४२ आणि १८४५ मध्ये असेच खालसा झाले. वर्षे नीट पाहा. डलहौसी हिंदुस्थानात आला तो १८४८ मध्ये. ‘खालसा धोरण म्हणजे डलहौसी’ हे समीकरण त्यामुळे अपुरे ठरते. त्याने जुन्याच प्रथेला धार दिली. शेजारच्या कित्तूरचा दत्तक तर १८२४ मध्येच नाकारला गेला होता. १८५७ मध्ये वारसाअभावी शेडबाळही गेले.

६/ आता विरोधाभास पाहा. त्या वेळी लंडनच्या गादीवर कोण होते? व्हिक्टोरिया, म्हणजे एक स्त्री. १८३७ मध्ये काका हयात असताना इंग्लंडचे राज्य तिला मिळाले; हॅनोव्हरचे मात्र काकाकडे गेले, कारण तेथे पुरुष वारस असताना स्त्रीला गादी नव्हती. इंग्लंडात मुलगी चाले, दत्तक चालत नसे. आपल्याकडे धर्मशास्त्राला दत्तक मान्य, पण सरंजामाच्या गादीवर मुलगी बसत नसे. दोन्हीकडे रक्ताचा आणि कुळाचा अर्थ वेगळा होता. फरक इतकाच, की एकाचा अर्थ कायदा ठरला आणि दुसऱ्याचा अर्ज.

७/ १८५७ च्या उठावाने सरकारला शहाणपण शिकवले. १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. कुरुंदवाडकरांनाही सनद मिळाली. शिवाय ज्येष्ठ पुत्रानेच गादीवर बसावे हा नियम रूढ झाला आणि वाटण्या थांबल्या. शेडबाळसाठी मात्र ही सनद पाच वर्षे उशिरा आली.

८/ ८ मार्च १९४८ रोजी दोन्ही पाती मुंबई प्रांतात विलीन झाल्या. ब्रिटनने मुलापुढे मुलीला मागे सारण्याचा नियम २०१३ च्या कायद्याने रद्द केला. म्हणून शार्लट आज धाकट्या लुईच्या आधी आहे.

९/ मित्रहो, वारसाचे नियम निसर्गाने दिलेले नसतात. ते माणसे घडवतात आणि गरज पडली की बदलतात. ते बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हे शोधले की खरी सत्ता कोठे होती ते कळते.