कर्नल, जून आणि बाउन्स

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात. फौजेतला कर्नल वेगळा. त्याचे मूळ इटालियन 'स्तंभा'त आहे. हा कर्नल म्हणजे दाणा, 'कॉर्न'ला लघुत्वाचा प्रत्यय लागून झालेला. कॉर्न आणि लॅटिन 'ग्रानुम' एकाच मुळाचे. भाषाशास्त्रज्ञ संस्कृत 'जीर्ण'लाही त्याच घराण्यात बसवतात: पिकून जुना झाला तो दाणा. भेंडी जून निघाली म्हणतो, तेव्हा आपणही त्याच परिसरात असतो.

लिनक्सच्या कर्नलात जूनपणा भरपूर आहे. 1984च्या आयबीएम एटी संगणकात पत्त्यासाठी 24 तारा होत्या, म्हणजे 16 एमबीपर्यंतची मजल. प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी थेट देवघेव करणे म्हणजे डीएमए. त्या काळच्या कार्डांना ते 16 एमबीच्या आतच जमे. मेमरी पुढे कितीही वाढली तरी त्यांना वरचे पत्ते उच्चारताच येत नव्हते. म्हणून कर्नलने तळाचे 16 एमबी वेगळे काढले आणि त्यांना 'झोन डीएमए' म्हटले. पुढे 32 बिटांच्या उपकरणांसाठी 4 जीबीपर्यंतचा 'डीएमए32' आला. धाकट्याच्या नावात आकडा आहे, थोरल्याच्या नाही. थोरल्याचे बारसे झाले तेव्हा धाकटा कुणाच्या मनातही नसावा.

मजकूर त्या हद्दीबाहेर असेल तर? कर्नल खालच्या जागेत त्याची नक्कल करतो आणि उपकरणाला ती दाखवतो. उपकरणाकडून येणारा मजकूर आधी तिथे उतरतो, मग वर नेला जातो. ही जागा म्हणजे 'बाउन्स बफर'. बाउन्सचा जुना अर्थ धपाटा. उसळण्याचा अर्थ नंतरचा. बफरच्या मुळाशीही दणक्याचा आवाज देणारे एक क्रियापद आहे. आपल्याकडे बाउन्स होतो तो चेक, आणि पैसे मिळत नाहीत. इथे बाउन्स झाला म्हणजे माल पोहोचला, फक्त नकलेची हमाली प्रोसेसरच्या माथी.

ही हमाली करणाऱ्या भागाचे नाव 'एसडब्ल्यूआयओटीएलबी'. पत्ते बदलून देणाऱ्या हार्डवेअरची ही सॉफ्टवेअरमधली बदली, म्हणून नावात 'ट्रान्सलेशन'ची, म्हणजे भाषांतराची, ऐट. प्रत्यक्षात तो निव्वळ नकलाकार आहे. नाव मला फसवेच वाटते. त्याच्यासाठी संगणक सुरू होतानाच सहसा 64 एमबी राखून ठेवतात. जुन्या कार्डांबरोबर हा निवृत्त झाला असता, पण आता एन्क्रिप्ट केलेल्या व्हर्च्युअल मशिनांना तो लागतो. त्यांची मेमरी बाहेरच्या उपकरणांना वाचता येत नाही, म्हणून मजकूर आधी याच्या उघड्या जागेत आणावा लागतो.